हवाई दलातून बाहेर पडून ड्रोन उद्योगात कुणी खरंच मोठं झालं आहे का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: हवाई दलात बरीच वर्षं विमानांच्या देखभालीचं काम केलं, नोकरी आता संपत आली, पुढे ड्रोन कंपनीत जायचा विचार आहे. तर लष्करी पार्श्वभूमीचा कुणी माणूस या धंद्यात वरपर्यंत पोचला आहे का, आणि पोचला असेल तर ओळखींवर की कामावर?

पोचला आहे. मी पुण्यात ड्रोनच्या एअरफ्रेम, म्हणजे पंख-धडाचा सांगाडा, बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करतो. आमच्याकडे नवीन मुलं आली की मी त्यांना एका माणसाची गोष्ट आवर्जून सांगतो: अब्राहम करीम. अमेरिकेचं प्रेडेटर हे ड्रोन ज्या विमानांतून जन्मलं ती विमानं त्यांची. तुमच्या प्रश्नाचे दोन्ही भाग त्यांच्या कारकिर्दीत भेटतात, आणि ओळखींबद्दलचं उत्तर तर फार स्पष्ट मिळतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

करीम यांचा जन्म १९३७ सालचा, बगदादमधल्या एका ज्यू कुटुंबातला. १९५१मध्ये, इराकमधले बहुसंख्य ज्यू देश सोडत होते तेव्हा, हे कुटुंब इस्रायलला आलं. तिथे पोराला मॉडेल विमानांचा नाद लागला, तो कायमचा. त्यांचा ओढा फ्री-फ्लाइट प्रकाराकडे होता. यात रेडिओ नाही, दोरी नाही. विमान हातातून सुटलं की सुटलं. हवेत ते डोलायला लागलं तर खालून काही करता येत नाही, त्यामुळे त्याचा तोल, वजन, पंखांचा आकार हे सगळं सोडण्याआधीच बरोबर असावं लागतं. शिवाय स्पर्धा असते ती जास्तीत जास्त वेळ हवेत राहण्याची. पुढे त्यांनी जे काही केलं त्याचं बी मला इथे दिसतं.

हैफातल्या टेक्निऑन संस्थेतून ते एरोनॉटिकल इंजिनिअर झाले, मग इस्रायली हवाई दलात नऊ वर्षं काढली. ते वैमानिक नव्हते, इंजिनिअर अधिकारी होते. असलेल्या विमानांत फेरबदल करायचे, नवी यंत्रणा बसवायची, आणि सकाळी ते विमान उड्डाणाला उभं करायचं, हे त्यांचं जग. त्यानंतर ते सरकारी इस्रायल एअरक्राफ्ट इंडस्ट्रीजमध्ये गेले आणि प्राथमिक डिझाइन विभागाचे प्रमुख झाले.

१९७३च्या योम किप्पूर युद्धात इस्रायलची शंभरच्या आसपास विमानं पडली, त्यातली बरीच सोव्हिएत बनावटीच्या जमिनीवरून हवेत मारा करणाऱ्या क्षेपणास्त्रांनी आणि तोफांनी. इतकी माणसं आणि विमानं गमावल्यावर माणूस न बसवता काय पाठवता येईल हा विचार हवाई दलाला करावाच लागला. याच युद्धात करीम यांनी हवाई दलासाठी आपलं पहिलं मानवरहित विमान केलं. पुढच्याच वर्षी ते सरकारी कंपनीतून बाहेर पडले आणि स्वतःची कंपनी काढली. पण मायदेशात ग्राहक मिळाला नाही. हवाई दलातली नऊ वर्षं, सरकारी कंपनीतलं वरचं पद, सगळ्या वरिष्ठांशी परिचय, एवढं असून ऑर्डर आली नाही. १९७७मध्ये ते कुटुंबासह लॉस एंजेलिसला गेले. तिथल्या लष्करात त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं.

त्या काळात अमेरिकेत मानवरहित विमानांची अवस्था काय होती हे समजून घ्या, नाहीतर करीम यांचं वेगळेपण कळणार नाही. अमेरिकी भूदलाचा अक्विला नावाचा मोठा प्रकल्प चालू होता. छोटं विमान, रणगाड्यांच्या पुढे जाऊन टेहळणी करायची, लेझरने लक्ष्य दाखवायचं. विमानाला चाकं नव्हती. ट्रकवरच्या लाँचरने उडवायचं आणि उतरताना जाळ्यात पकडायचं. त्यात एकेक नवीन मागणी वाढत गेली, वजन वाढलं, खर्च कित्येक पटींनी वाढला. करीम नंतरच्या काळात सांगत की अक्विला उडवायला तीसेक माणसं लागत आणि सरासरी वीस तासांच्या उड्डाणामागे एक विमान पडे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो प्रकल्प बंदच झाला.

वीस तासांमागे एक अपघात! तुम्ही ज्या फ्लाइटलाइनवर, म्हणजे विमानं उड्डाणासाठी तयार करतात त्या जागी, काम केलंत तिथे असा आकडा कुणी खपवून घेतला असता का? वैमानिकाचं विमान असं पडू लागलं तर दुसऱ्या दिवशी सगळा ताफा जमिनीवर उभा करतात, चौकशी बसते, प्रत्येक सुटा भाग तपासतात. पण आत माणूस नाही म्हटल्यावर सगळ्यांचं मन सैल पडलं होतं. विमान गेलं तर गेलं, दुसरं आणू. करीम यांना हे मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आत वैमानिक नसला तरी ते विमानच आहे, आणि त्याचा अपघातदर वैमानिकाच्या विमानाइतकाच खाली आला पाहिजे. आज ऐकायला हे साधं वाटतं. त्या वेळी असा आग्रह धरणारे फार थोडे होते. ही सवय त्यांच्यात आली कुठून, तर हवाई दलाच्या हँगरमधून. माझ्या मते त्यांच्या लष्करी पार्श्वभूमीचा खरा उपयोग झाला तो इथे.

लॉस एंजेलिसजवळच्या हॅसिएंडा हाइट्स या वस्तीत त्यांचं घर होतं. त्या घराच्या तीन गाड्यांच्या गॅरेजमध्ये त्यांनी लीडिंग सिस्टिम्स नावाची कंपनी चालवली. सोबतीला दोघे: इलेक्ट्रॉनिक्सला जॅक हर्टनस्टाइन आणि बांधणीला जिम मॅचिन. तिघांनी मिळून अल्बट्रॉस केलं. सुमारे ९० किलोचं विमान, अंग मुख्यतः फायबरग्लासचं, मागे प्रोपेलर, आणि इंजिन गो-कार्टला असतं तसं टू-स्ट्रोक. यात महाग किंवा गुप्त असं काही नव्हतं. नवल होतं ते त्याच्या हवेत टिकण्यात. लांब आणि अरुंद पंख, गुळगुळीत अंग, एक ग्रॅमही फालतू वजन नाही. फ्री-फ्लाइटचा जुना अभ्यास इथे कामी आला. हाताने ले-अप करणाऱ्या, म्हणजे फायबरचे थर रेझिन लावून साच्यात बसवणाऱ्या, आमच्यासारख्यांना यातली मेहनत लगेच कळते. रेझिन थोडं जास्त झालं तरी पंख जड होतो आणि उड्डाणातली मिनिटं कमी होतात.

अल्बट्रॉस पाहून डार्पाने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, १९८४च्या सुमारास मोठ्या विमानासाठी पैसे दिले. त्याचं नाव अंबर. १९८६च्या नोव्हेंबरमध्ये ते पहिल्यांदा उडालं आणि १९८८मध्ये एका उड्डाणात ३८ तासांहून जास्त वेळ हवेत राहिलं. मोहावी वाळवंटातल्या एल मिराज इथे या चाचण्या होत. अंबरची उलट्या ‘व्ही’सारखी शेपटी आणि मागचा प्रोपेलर पाहिलात तर प्रेडेटर ओळखीचा वाटेल. इंजिनापासून कंट्रोल सिस्टिमपर्यंत बरंच काही कंपनीनेच घडवलं होतं.

आणि इथेच कंपनी बुडाली.

विमान उत्तम होतं, पण १९८७मध्ये अमेरिकी काँग्रेसने तिन्ही दलांचे वेगवेगळे ड्रोन प्रकल्प एका संयुक्त कार्यालयाखाली आणले आणि खर्चाला लगाम घातला. नौदलाने त्याआधीच पायोनिअर हे लहान ड्रोन घेतलं होतं, ज्याच्या बांधणीत करीम यांची जुनी इस्रायली कंपनी भागीदार होती. अंबरला वाली उरला नाही. १९९०मध्ये प्रकल्प रद्द झाला. करीम यांनी परदेशी गिऱ्हाइकांसाठी नॅट ७५० ही साधी, स्वस्त आवृत्ती केली होती, १९८९मध्ये ती उडालीही, पण डोक्यावर कर्ज होतं आणि ऑर्डर हातात नव्हती. लीडिंग सिस्टिम्सचं दिवाळं निघालं. मालमत्ता आधी ह्यूजेस कंपनीकडे आणि तिच्याकडून लगेच सॅन डिएगोच्या जनरल अ‍ॅटॉमिक्सकडे गेली. करीम आणि त्यांचे मोजके सहकारीही तिकडे गेले.

आता दुसरा माणूस. तुमच्या प्रश्नातला ओळखींचा भाग याच्याशिवाय पुरा होत नाही. थॉमस कॅसिडी हे अमेरिकी नौदलाचे लढाऊ वैमानिक, रिअर अ‍ॅडमिरल पदावरून १९८७मध्ये निवृत्त झालेले. कॅलिफोर्नियातल्या मिरामार तळावर त्यांनी मोठी जबाबदारी सांभाळली होती. जनरल अ‍ॅटॉमिक्स ही मुळात अणुभट्ट्यांच्या कामातली कंपनी. १९८६मध्ये नील आणि लिंडन ब्लू या भावांनी ती विकत घेतली आणि मानवरहित विमानांत उतरायचं ठरवलं. कॅसिडी तिथे रुजू झाले आणि पुढे विमानांसाठी वेगळी कंपनी निघाली तेव्हा तिचे प्रमुख झाले, ते २०१०पर्यंत.

कॅसिडींना लष्कर आतून ठाऊक होतं. कोणत्या दलाला काय हवं आहे, बजेट कधी ठरतं, कुठल्या अधिकाऱ्याला कागद दाखवून भागतं आणि कुणाला धावपट्टीवर विमानच दाखवावं लागतं, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. करीम यांच्याकडे हे नव्हतं. काही लोक यावरून असा निष्कर्ष काढतात की शेवटी ओळखीवालाच जिंकला. मला ते पटत नाही. कॅसिडींच्या कंपनीची पद्धत बघा: सरकारी मागणीची वाट न पाहता स्वतःच्या पैशाने विमान आधी बांधायचं, उडवून दाखवायचं, मग विकायचं. पुढचं मोठं टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनावर प्रोपेलर फिरवणारं) विमान, जे रीपर म्हणून ओळखलं जातं, त्याची सुरुवातही मुख्यतः कंपनीच्या पैशानेच झाली आणि २००१च्या फेब्रुवारीत ते उडालं. नुसत्या परिचयावर विसंबलेला माणूस एवढा पैसा आधी घालत नाही. आणि दाखवायला त्यांच्या हाती जे होतं, ते करीम यांचं विमान होतं.

पुढचं वेगाने घडलं. युगोस्लाव्हिया फुटला, बोस्नियात युद्ध पेटलं, अमेरिकेला वरून सतत पाहणारा डोळा हवा होता. सीआयएचे तेव्हाचे प्रमुख जेम्स वूल्सी करीम यांना आधीपासून ओळखत. सीआयएने नॅट ७५० घेतलं आणि १९९४मध्ये ते बोस्नियावर उडालं. त्यावर उपग्रहाची लिंक नव्हती, म्हणून चित्रं खाली पोचवायला मध्ये एक माणसं बसलेलं विमान घिरट्या घालत ठेवावं लागे. ही अडचण दूर करायला नॅट मोठं केलं, त्याच्या फुगीर नाकात उपग्रहाचा अँटेना बसवला, आणि झालं प्रेडेटर. १९९४च्या जानेवारीत करार आणि जुलैत पहिलं उड्डाण. सहा महिन्यांत! आमच्या क्षेत्रात लोकांना यावर विश्वास बसत नाही. पण त्या सहा महिन्यांमागे गॅरेजपासूनची दहा-बारा वर्षं होती. १९९५च्या उन्हाळ्यात प्रेडेटर अल्बानियातल्या तळावरून बोस्नियावर टेहळणी करू लागलं.

२००१च्या फेब्रुवारीत त्यावरून हेलफायर क्षेपणास्त्र डागून पाहिलं आणि ऑक्टोबरपासून अफगाणिस्तानात ते वापरात आलं. पुढच्या काळात या विमानांच्या हल्ल्यांत सामान्य माणसंही मेली, पाकिस्तानच्या सरहद्दीवर, येमेनमध्ये. या क्षेत्रात येताना ही बाजू डोळ्यांआड करू नका. करीम यांचं विमान फक्त टेहळणीसाठी होतं, नंतर इतरांनी त्याला शस्त्र लावलं, असं सांगणारे लेख मी वाचलेत. ते अर्धवट आहे. युरोपात सोव्हिएत रणगाडे चालून आले तर तासन्‌तास वर थांबून त्यांच्यावर मारा करणारं विमान, ही कल्पना त्यांच्या मनात फार आधीपासून होती. आपण बनवलेली एअरफ्रेम कुठे आणि कशी वापरली जाईल हे बनवणाऱ्याच्या हातात राहत नाही, याचा विचार मी कामावर असताना करतो आणि तुम्हीही आधीच करून ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

करीम प्रेडेटरच्या यशाच्या वेळी जनरल अ‍ॅटॉमिक्समध्ये नव्हते. मोठ्या कंपनीत ते रमले नाहीत. बाहेर पडून फ्रंटिअर सिस्टिम्स काढली आणि या वेळी हेलिकॉप्टरला हात घातला. हेलिकॉप्टरचा रोटर साधारण एकाच वेगाने फिरतो. वजन कमी झालं, वेग बदलला, तरी तोच वेग, आणि त्यात इंधन जळत राहतं. करीम म्हणाले, रोटरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करू. चढावर आपण गाडी खालच्या गिअरमध्ये घेतो आणि सपाट रस्त्यावर वरच्या, तसंच काहीसं. कागदावर सोपं, पण वेग बदलला की रोटरच्या थरथरीची सगळी गणितं बदलतात, पाती फार कडक आणि हलकी करावी लागतात. त्यांनी ते ए-१६० या मानवरहित हेलिकॉप्टरात करून दाखवलं. २००४मध्ये बोइंगने ती कंपनी विकत घेतली आणि २००८मध्ये त्याच हेलिकॉप्टरची टर्बाइन इंजिनवाली आवृत्ती वाटेत इंधन न भरता १८.७ तास हवेत राहिली. तोवर करीम यांनी करीम एअरक्राफ्ट ही पुढची कंपनी काढलीही होती, वयाच्या सदुसष्टीच्या आसपास. २०१०मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने त्यांना सदस्य करून घेतलं.

आपल्याकडचं बघू. भारतीय नौदलाने २०२०मध्ये जनरल अ‍ॅटॉमिक्सची दोन सी गार्डियन ही मानवरहित टेहळणी विमानं भाड्याने घेतली, ती तमिळनाडूतल्या अरक्कोणमच्या आयएनएस राजाळी तळावरून उडू लागली. त्यातलं एक सप्टेंबर २०२४मध्ये बिघाडामुळे बंगालच्या उपसागरात उतरवावं लागलं. पुढच्याच महिन्यात भारताने याच कंपनीच्या ३१ मानवरहित विमानांचा करार केला: १५ नौदलाला, भूदल आणि हवाई दलाला प्रत्येकी आठ. म्हणजे अल्बट्रॉसच्या कुळातली विमानं आता आपली तिन्ही दलं उडवणार आहेत. पुण्याच्या भारत फोर्जने याच कंपनीच्या विमानांच्या लँडिंग गिअरचे भाग बनवण्यासाठी २०२३मध्ये भागीदारी जाहीर केली. हे मुद्दाम सांगतो, कारण या कामात गुणवत्ता तपासणी आणि देखभाल येणाऱ्या माणसांची गरज महाराष्ट्रातच तयार होते आहे.

आपला स्वदेशी अनुभवही काही शिकवतो. डीआरडीओचं निशांत हे टेहळणी विमान लाँचरने उडायचं आणि पॅराशूटने उतरायचं, चाकं नव्हती. भूदलाला मिळालेली चारही विमानं अपघातात गेली आणि २०१५नंतर भूदलाने तो विषय सोडून दिला. त्यामागच्या शास्त्रज्ञांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण प्रत्येक उतरण्याला विमानाच्या अंगाला दणका बसतो, आणि तो दणका कुठे मुरला हे तपासणारी कडक पद्धत नसेल तर विमान फार टिकत नाही. हे तुमच्यासारख्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: ओळखींनी तुम्हाला एक भेट मिळेल, फार तर एक ट्रायल मिळेल. तुमच्याकडची खरी पुंजी म्हणजे देखभालीची शिस्त, आणि आपल्या ड्रोन कंपन्यांत तिचाच तुटवडा आहे. इथली मुलं हुशार आहेत, ऑटोपायलटचा कोड रात्रीत लिहितात. पण किती तासांनी प्रोपेलर बदलायचा, सर्व्होचं (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या मोटरचं) आयुष्य किती, मागच्या हार्ड लँडिंगनंतर पंखाचा सांधा कुणी तपासला आणि सही कुणाची, हे विचारलं की बऱ्याच ठिकाणी वही निघत नाही.

अर्जात फक्त ‘एवढी वर्षं सेवा’ असं लिहू नका. कोणत्या प्रकारच्या विमानावर, कोणत्या यंत्रणेवर, किती तासांच्या सर्व्हिसिंगचं काम केलं, तपासणीची सही करण्याचा अधिकार होता का, अपघात किंवा घटनेच्या चौकशीत तांत्रिक साहाय्य केलं का, हे सांगता येईल तेवढं आणि गोपनीयतेला धक्का न लावता लिहा. मुलाखतीत तुम्हीही विचारा: तुमच्या विमानांचे एकूण उड्डाणतास किती, त्यात पडली किती, आणि प्रत्येक वेळी कारण काय निघालं? या प्रश्नाने चपापणारी कंपनी टाळा. शांतपणे लॉगबुक काढून दाखवणारी कंपनी लहान असली, पगार थोडा कमी असला, तरी तिथे जा.

रिमोट पायलटचं प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या संस्थेतूनच घ्या. निवृत्तीपूर्वी पुनर्वसन महासंचालनालयाच्या प्रशिक्षणात ड्रोनचा काही अभ्यासक्रम मिळतो का, तेही विचारून ठेवा. पण नुसतं उडवता येणारे आता पुष्कळ झालेत, तेव्हा त्या प्रमाणपत्रावर सगळी भिस्त ठेवू नका. स्वतःचं काही बनवायचं मनात असेल तर संरक्षण मंत्रालयाची आयडेक्स योजना २०१८पासून छोट्या कंपन्यांना पैसा आणि सैन्यदलांसमोर उभं राहायची संधी देते. मात्र अंबरची गोष्ट लक्षात असू द्या आणि एकाच सरकारी गिऱ्हाइकाच्या भरवशावर कर्ज काढू नका.

तुमचा ट्रेड कोणता होता, एअरफ्रेम, इंजिन की एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक्स), हे कळवलंत तर पुण्या-बंगळुरूकडे त्या त्या कामात नेमकं काय विचारतात ते मी लिहीन.